शिवळ हातातच राहिली

कापसाला कधी नव्हे तो भाव आला, त्या सालची गोष्ट. अकोला-अमरावतीपर्यंत भाड्याने बैल मिळेना. ज्याच्या घरी जोडी, त्याचाच कापूस पेठेत पोचायचा. आमच्याकडे जोडी एकच, तीही घरच्या गाईची. ती गेली असती तर उरलेला कापूस शेतातच वाऱ्यावर उडाला असता.

तेल्हाऱ्याकडून अकोल्याला निघालो होतो. बैलबंडीत कापसाचे सहा बोरे: पाच खाली, एक त्यांच्यावर लांबट टाकलेला आणि त्याच्यावर बायको. आदल्या दिवशी तिनेच बोऱ्यात उभे राहून पायांनी कापूस दाबला होता, इतका की आत बोट शिरत नव्हते.

कोसभर आलो. ऊन डोक्यावर होते. नाल्याच्या उतारावर बाभळीआडून एक माणूस निघाला, हातात तलवार. त्याने उजव्या बैलाची वेसण धरली.

"बैल सोड अन् चालता हो."

"बंडी ने ना बापा. बैल काहून?"

"अन् बंडी काय मी वढू?"

त्याचे म्हणणे रास्त होते. मी खाली उतरलो. घरच्या बैलांना टोचायचे कसे म्हणून मी पराणी बाळगत नसे, काठीही नव्हती. लाकडाची म्हणून एकच वस्तू हाताशी आली, जुवातली शिवळ. बैलाची मान जुवातून निघू नये म्हणून दोन्ही बाजूंना खुंट्या असतात, त्यांतली ही एक. मी डाव्या बैलाची बाहेरची शिवळ उपसली आणि उगारली.

शिवळ काढली की बैल सुटतो, हे आमच्याकडे पाच वर्षांच्या पोरालाही ठाऊक असते. त्या घटकेला मला नव्हते. तो वेसण सोडून माझ्या अंगावर आला, तेवढ्यात डाव्या बैलाने मान काढली आणि घरची वाट धरली. जू कलले, बंडी पुढे झुकली आणि वरचा बोरा बायकोसकट घसरत त्या माणसावर आला. त्याने घाबरून तलवार पुढे केली. ती मुठीपर्यंत कापसात गेली आणि तो बोऱ्याखाली. बोरा तीन हात लांब, पाते दोन हात, म्हणून टोक आतच राहिले. हे मी मागाहून मोजले. तेव्हा मी डोळे मिटले होते.

उघडले तेव्हा बायको बोऱ्यावर मांडी घालून बसली होती.

"वढ ना तलवार, वढ! काल दुपारभर नाचली मी याच्यात."

"जीव चालला व माय, उठ!"

"मूठ सोड पयले. हात दाखव."

दोन्ही हात दिसल्यावर ती उठली. तो नाल्यातून पळाला, एक जोडा टाकून.

काही वेळाने गावातली आठ माणसे काठ्या घेऊन धापा टाकत आली. बैल एकटाच गोठ्यात आला, गळ्यात जुवाला बांधायचे जोते लोंबत, म्हणून सारे घाबरले होते. तलवार काढायला तिघे लागले.

"दादा, तुमी हाणलं काय त्याले?" धाकट्या भावाने विचारले. शिवळ अजून माझ्या मुठीत होती.

"ह्यायनं?" बायको म्हणाली. "ह्यायनं आपलाच बैल सोडून देला!"

त्या हंगामात त्याच जोडीने आणखी सात खेपा केल्या. प्रत्येक खेपेला बंडीत काठी ठेवली. तरी निघताना बायको बोऱ्यावरून वाकून विचारायचीच, "शिवळा चारी हायेत ना जी?"