खंडेनवमीची जर्मन बंदूक

ती घटना आठवली की आता हसू येतं, पण त्या दिवशी आमच्यातलं कुणीही हसत नव्हतं. नोकरीत खून, दरोडे, अफरातफर सगळं पाहिलं, तरी जुने सहकारी जमले की मला याच प्रकरणाबद्दल बोलायला लावतात. खरं तर त्यात माझ्या अंगावर ना गणवेश होता, ना हातात अधिकार. हद्दीचं तर विचारूच नका, देशसुद्धा आपला नव्हता.

निवृत्ती जवळ आली होती. साठलेली अर्जित रजा घेऊन मी लेकीकडे जपानला गेलो होतो. ती टोकियोत बँकेत नोकरीला आणि राहायला निशी-कसाईत. आयटीतली आपली मंडळी तेव्हा तिथे भराभर येत होती. सकाळी स्टेशनकडे चालत गेलं की मराठी कानावर पडायचंच. मला काम असं नव्हतं. कोणता कचरा कोणत्या वारी टाकायचा ते पाठ करायचं आणि जपानीत उत्तरं देणाऱ्या नातीला मराठीत रागवायचं, एवढाच माझा रोजनामा.

आमच्या वरच्या मजल्यावर कोल्हापूरचा एक इंजिनिअर पोरगा होता. त्याची आई नुकतीच त्याच्याकडे आली होती. तळमजल्यावर एक जपानी आजोबा एकटेच राहायचे, निवृत्त शिक्षक. त्यांच्याकडे पणजोबांच्या काळातली एक जर्मन लष्करी बंदूक होती. जपानातल्या जुन्या संस्थानी अमलात त्यांच्या पणजोबांना ती मिळाली होती. तिला सुईची बंदूक म्हणतात. चाप ओढला की आतली लांब सुई कागदी काडतुसात घुसते आणि बार उडतो. जपानात साध्या माणसाला बंदूक बाळगणं जवळजवळ अशक्य, पण इतकी जुनी असेल आणि तिच्या नोंदणीचा दाखला असेल, तर पुराणवस्तू म्हणून घरात ठेवता येते.

खंडेनवमी उद्यावर आली आणि कोल्हापूरच्या आईंनी विषय काढला. त्यांच्या घरी दरवर्षी तलवारीची पूजा व्हायची. इथे काय पुजायचं? पोराने लॅपटॉप पुढे केला, तर त्या म्हणाल्या, "ह्ये शस्त्र व्हय? ह्येनं कुणाला मारलंस तू?" शेवटी पोरगा आजोबांकडे गेला आणि त्याने एका दिवसासाठी बंदूक मागून आणली. आजोबाही भले माणूस. देवासाठी मागतोय म्हटल्यावर त्यांनी ती दाखल्यासकट कापडात गुंडाळून दिली. असलं मागणं फक्त आपलाच माणूस मागू जाणे!

पूजा झक्क झाली. पाट, हळदकुंकू, झेंडूची फुलं, आणि आपट्याऐवजी बागेतली गिंक्गोची पानं, कारण त्यांनाही मधे तशीच चीर असते. मी स्वतः प्रसाद खाऊन आलो. दसऱ्याच्या सकाळी पोराने बंदूक परत नेऊन दिली. आजोबांनी कापड उलगडलं, बराच वेळ पाहिलं आणि हळूच म्हणाले, "ही माझी नव्हे."

त्यांची बंदूक काळपट तपकिरी होती. कापडातली लखलखत होती, तिच्या पितळी कड्या तर सोन्यासारख्या. आजोबा दुपारी ती बंदूक घेऊन चौकीवर गेले. चौकीला तिथे कोबान म्हणतात.

पोरगा धावत आमच्याकडे आला. "काका, तुम्ही पोलीस आहात ना? चला ना प्लीज."

दुभाषी म्हणून लेकीला घेतलं आणि निघालो. चौकीतला अधिकारी माझ्याच वयाचा. माझं ओळखपत्र त्याने दोन्ही हातांनी घेतलं, वाचलं आणि खुर्ची दिली. पोलिसाला पोलीस ओळखू येतो, त्याला भाषा लागत नाही. त्याने प्रकरण मोजक्या शब्दांत सांगितलं. अशा जुन्या बंदुकांच्या नकला भारतात बनतात, हे आजोबांनी कुणा दुकानदाराकडून ऐकलं होतं. आई नुकतीच भारतातून सामान घेऊन आलेली. म्हणजे खरी लंपास केली आणि नक्कल हातावर ठेवली, असा संशय. लेखी तक्रार अजून घेतलेली नव्हती. पण घेतली की प्रकरण वर जाणार, पाठोपाठ कंपनीला कळणार, व्हिसा जाणार. चोरी आणि वर शस्त्राची तस्करी! पोराचं आयुष्य त्या टेबलावर पडलं होतं.

अधिकाऱ्याच्या परवानगीने मी पोराला विचारलं, "बंदुकीला काय केलंस?"

"काही नाही काका. कपड्याने पुसली. नुसत्या कपड्याने."

"मग ही चकाकी कुठून आली?"

"मला नाही माहीत."

धडधडीत खोटं. पण चोराचं खोटं असं नसतं हो. चोर घरून गोष्ट रचून आणतो, वेळ सांगतो, साक्षीदार सांगतो. ह्याच्याकडे गोष्टच नव्हती. नुसतं ततपप, आणि हात सारखा खिशातल्या मोबाइलकडे. दोनदा वाजला, दोनदा त्याने कापला. कोण म्हणून विचारलं तर म्हणाला, "आई."

मी उठलो. अधिकाऱ्याला म्हटलं, जरा ह्याला घेऊन ह्याच्या घरी जाऊन येतो. तो म्हणाला, तोवर मी कागद पुढे ओढत नाही. त्याचे उपकार मी विसरलेलो नाही.

आईंनी दार उघडलं आणि माझ्या हातावर साखर ठेवली. माझं लक्ष त्यांच्या बोटांवर गेलं. नखांच्या कडा आणि पेरांच्या रेघा काळ्याशार. लोखंडाला चिंच लागली की असं काळं पाणी सुटतं. आमच्या मुख्यालयात पोरं कढया घासायची तेव्हा हात असेच व्हायचे.

"ताई, बोटं कशानं काळी झाली?"

"आई, तू काही बोलू नकोस!" पोरगा ओरडला.

"का रं? चोरी केलीया का म्या?" त्या माझ्याकडे वळल्या. "सायेब, काय ती बंदूक! नुस्ती गंजल्याली. द्येवाफुडं तशी ठिवायची व्हय? ह्यो झोपल्यावर चिंच लावली, मीठ लावलं, तारंच्या घासणीनं खसाखसा घासली. आरसा झाला बगा! त्या म्हाताऱ्यास्नी आवडली का?"

पोराने मला बाजूला ओढलं. पोलीस उदबत्तीच्या धुराची चौकशी करतायत असं त्याने आईला सांगितलं होतं. "काका, ती जन्मात पहिल्यांदा विमानात बसली. पोलिसांत तिचं नाव गेलं असतं तर मी गावात तोंड कसं दाखवू? माझं नाव गेलेलं चालेल."

मी त्याला एक शिवी घातली आणि पाठीवर हात ठेवला.

पण घासली कुणी ते कळलं म्हणून काम होत नाही. नक्कल घासली तरी ती चकाकणारच. बंदुकीचीच साक्ष हवी होती. आईंसकट आम्ही पुन्हा चौकीवर आलो. मी कैक वर्षं जिल्ह्याच्या शस्त्रागाराचा प्रभारी होतो. तपासणीच्या दिवशी जवान रायफल चकचकीत करून आणतो, तेव्हा मी चकाकतं तिथे बघतच नाही, नळी लाकडावरून उचलायला लावतो. घासणारा बाहेरून घासतो. नक्कल करणाराही जुनेपणा बाहेरूनच चढवतो. नळीच्या पोटाखाली कुणी जात नाही.

बंदूक आजोबांची, म्हणून त्यांनीच उघडावी अशी मी विनंती केली. ते घाबरले, मग अधिकाऱ्याने हातमोजे चढवून मदत केली. एकेक कडी सरकवली, नळी अलगद उचलली.

खालची बाजू जशीच्या तशी होती! कोरडा, तपकिरी, जुना गंज. लाकडाच्या खाचेत नळीचा ठसा इतका घट्ट बसला होता की ही जोडी आज-कालची नाही हे नवशिक्यालाही कळावं. नळीवर, कड्यांवर, खिट्टीवर तोच एक नंबर. वळणदार जर्मन अक्षरांच्या कडा वापराने बोथट झालेल्या. ताजी कोरलेली असती तर बोटाला टोचली असती. आणि जिथे लाकूड संपतं तिथे, बरोबर त्या रेघेवर, आईंची घासणी थांबली होती. तिथे हळदही अडकली होती.

अधिकाऱ्याने वाकून पाहिलं, दाखल्यातल्या मापांशी ताडून पाहिलं आणि मान डोलावली. आजोबांनी त्या गंजावर बोट ठेवलं. बोटाला तपकिरी रंग लागला. ते पुटपुटले, "ओकाएरि."

घरी परतलेल्या माणसाला असं म्हणतात, लेकीने सांगितलं.

आईंना एव्हाना सगळं उमगलं होतं. "आगं बया, म्या काय करून बसले!" म्हणत त्या आजोबांच्या पायाशी वाकल्या, तसे आजोबा दचकून त्याहून खाली वाकले. मग कितीतरी वेळ दोघं एकमेकांपुढे वाकतच होते. अधिकारी तोंड फिरवून खोकत होता, पण तो खोकला खरा नव्हता.

जुन्या वस्तूचं नुकसान झालं होतं, ते मी लपवलं नाही. शंभराहून जास्त वर्षांनी चढवलेला रंग आईंनी एका बैठकीत उतरवला होता. तो पुन्हा चढवता येतो का, असं पोराने विचारलं. मी म्हटलं, उगाच रसायनं लावाल तर आत्ता जी नक्कल नाही, ती खरोखर नक्कल दिसायला लागेल. तेलाचा हात फिरवा आणि तशीच ठेवा. आजोबांनी लेकीचं भाषांतर ऐकलं, बंदूक उजेडात धरली आणि म्हणाले, "पणजोबांच्या हातात आली त्या दिवशी ती अशीच दिसली असेल. मी पहिल्यांदाच पाहतोय." तक्रारीचा कोरा कागद अधिकाऱ्याने पुन्हा खणात ठेवला. यापुढे ही बंदूक कुणालाही द्यायची नाही, अशी तंबी मात्र आजोबांना आणि पोराला दिली.

रजा संपवून परतलो. नोकरीचे उरलेले दिवस मी नव्या उपनिरीक्षकांना हेच सांगायचो की माणूस खोटं बोलला म्हणून लगेच त्याला गुन्हेगार समजू नका. तो काय लपवतोय हे विचाराल तेव्हा कुणाला वाचवतोय हेही विचारा. पुष्कळ पोरं मान हलवायची. किती जणांना पटलं देव जाणे.

पुढच्या खंडेनवमीला लेकीचा फोन आला. पूजा आता आजोबांच्याच घरी होते, बंदूक जागची हलत नाही. मागून आईंनी फोन ओढून घेतला असावा.

"सायेब, औंदा बी म्याच पुसली," त्या म्हणाल्या. "कापडानं. नुस्त्या कापडानं!"