नलूताईंचं टुरिस्ट व्हायचं राहिलं

मेसेज आला तेव्हा मी आयसेलिनला ओक ट्री रोडवरच्या दुकानात गवार निवडत उभी होते. इथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर जोडलेल्या हातांची रांग लागली होती आणि सगळ्यात वर सेक्रेटरीचं वाक्य, 'वेस्ट विंडसरच्या अमोलच्या आई, आपल्या सर्वांच्या लाडक्या दुबईच्या काकू, आज सकाळी हार्ट अटॅकने गेल्या.' दुबईच्या काकू? क्षणभर मला खरंच कळेना, कोण गेलं. मग अमोलचं नाव पुन्हा वाचलं, हातातली गवार तशीच ढिगात टाकली आणि बाहेर येऊन गाडीत बसले. रडू नंतर आलं, आधी संताप आला. अहो, ती बाई जन्मात दुबईला गेलेली नव्हती! जवळजवळ तीस वर्षं ती बहारीनमध्ये शिकवत होती. समुद्रातलं एवढंसं बेट, पण त्याचा राजा वेगळा, झेंडा वेगळा, माणसं वेगळी... आपल्या लोकांना मात्र आखातात एकच गाव ठाऊक. शोकसभेत फोटोखालीसुद्धा तेच लिहिलेलं. मी दुरुस्त करायला उठले, तर शेजारच्या बाई माझा पदर ओढून म्हणाल्या, "जाऊ द्या हो, आता काय फरक पडतो?"

फरक पडतो, म्हणून हे लिहितेय. माझी आणि नलूताईंची ओळख मनाम्यातली. बहारीनची ती राजधानी. माझे यजमान तिथे एका कंपनीत अकाउंटंट होते आणि नलूताई आमच्या वरच्या मजल्यावर राहायच्या. मुलींच्या एका खाजगी शाळेत भूगोल शिकवायच्या. आम्ही बाकीच्या बायका बहारीनमध्ये राहत होतो म्हणजे काय, तर आमच्या बिल्डिंगमध्ये राहत होतो. शुक्रवारी कुणाकडे तरी पुरणपोळी, कुणाकडे तरी भिशी, आणि अरबांशी संबंध काय तर लिफ्टमध्ये 'सलाम'. नलूताईंचं तसं नव्हतं. नोकरी लागली तेव्हा वर्गात निम्म्याहून जास्त मुली तिथल्याच, आणि बाईंना बेटाची काही म्हणजे काही माहिती नाही. दुसरी कुणी असती तर तिनं रात्री पुस्तक घोकून सकाळी ऐट मारली असती. नलूताईंनी खुर्ची ओढली, पर्स मांडीवर घेऊन बसल्या आणि म्हणाल्या, "मी टुरिस्ट. आजच विमानातून उतरले. तुमचा देश दाखवा मला." मुली आधी खिदळल्या. मग एकेक उठली आणि बोलायला लागली. कुणाचे आजोबा मोती काढायला बुडी मारायचे, कुणाच्या गावात गोड्या पाण्याचा झरा होता तो आटला, कुणाच्या मावशीचं घर बांधायला प्राचीन थडग्यांची टेकाडं सपाट केली होती. नलूताई मुद्दाम वेड्यासारखे प्रश्न विचारायच्या. "बाई, तुमच्याकडे उंटावरून शाळेत येतात का?" मुली चिडायच्या, आणि चिडल्या की त्यांना इतकं काही आठवायचं की तास पुरायचा नाही. पुढे ती त्यांची पद्धतच झाली. समुद्राकाठच्या जुन्या किल्ल्यावर सहल न्यायच्या आणि प्रत्येक मुलीला एकेक कोपरा वाटून द्यायच्या. मुलगी गाइड, बाई टुरिस्ट. गळ्यात कॅमेरा, डोक्याला टोपी, नऊवारी नेसायची तेवढी बाकी ठेवायच्या!

त्या मुलींतली एक लतीफा. हिला खरोखरीची गाइड व्हायचं होतं. मुलींनी शिकण्याबद्दल त्या बेटावर कुणाचं काही म्हणणं नव्हतं, डॉक्टर व्हा, बँकेत जा. पण परक्या पुरुषांच्या घोळक्यापुढे उभं राहून बडबड करायची, हे तिच्या वडिलांना पटेना. लतीफा शाळेत येऊन रडली. नलूताई तिच्या घरी, मुहर्रकला, गेल्या. सोबतीला मला ओढून नेलं. इतकी वर्षं राहून आम्ही दोघी पहिल्यांदाच एका अरब घराचा उंबरा ओलांडत होतो, यावरून काय ते समजा. घोटभर वेलचीची कॉफी आली, नलूताईंनी ती प्यायली आणि पेला पुढे धरला. यजमानीणबाईंनी पुन्हा भरला. पुन्हा प्यायली, पुन्हा भरला. त्यांची रीत अशी की नको असेल तर पेला हातात जरा हलवायचा, मगच समोरचा थांबतो. आमची रीत अशी की वाढणाऱ्याचा हात अडवायचा नाही. नलूताई आपल्या पीत राहिल्या, त्या बाई आपल्या ओतत राहिल्या, आणि लतीफाचा जीव तिकडे अर्धा झाला. शेवटी तिच्या वडिलांना हसू आवरेना. त्यांनी स्वतः उठून नलूताईंच्या हातातला पेला हलवून दाखवला. "तुझ्या बाईंना आपल्या घरात कसं वागायचं तेही ठाऊक नाही," ते लतीफाला म्हणाले, "अशा परक्यांना कुणीतरी शिकवायला हवंच, तूच शिकव." झाली परवानगी. घरी आल्यावर नलूताईंना रात्रभर झोप नाही, छाती धडधडतेय, पण चेहऱ्यावर असा आनंद की जणू मुलीचं लग्न ठरलंय.

सगळंच गोड होतं असं सांगितलं तर नलूताईच वरून कान पकडतील. एक वर्ष असं आलं की बेटावर माणसं रस्त्यावर उतरली, मग रस्ते बंद झाले, आणि वर्गात काही बाक रिकामे राहायला लागले. वर्षानुवर्षं एका बाकावर बसणाऱ्या दोन मैत्रिणी एके दिवशी वेगवेगळ्या येऊन म्हणाल्या, मिस, माझी जागा बदला. कारण कुणी सांगितलं नाही, आणि कारण सगळ्यांना माहीत होतं. एकीचे लोक राजाच्या बाजूचे, दुसरीचे रस्त्यावर उतरलेल्यांच्या. नलूताईंना खूप बोलायचं होतं. पण परदेशी मास्तरीण तोंड उघडायला लागली की तिचा पुढचा वर्ग विमानात. त्यांनी जागा बदलून दिल्या. माझ्या स्वयंपाकघरात बसून मात्र म्हणाल्या, "मंगल, मी वर्गात टुरिस्टचं सोंग करायचे ना... सोंग कसलं, मी होतेच टुरिस्ट." तेव्हापासून मला त्या बेटाचाही राग आहे, हेही लिहून टाकते. तुमच्या मुली आम्ही शिकवायच्या, आणि तुमच्या घरात काय जळतंय ते विचारायची मात्र चोरी!

आणि निरोप तरी कसा दिला! नोकरी संपली की तिथला राहण्याचा परवाना संपतो, तिथे नागरिक वगैरे कुणी करून घेत नाही. शाळेत केक कापला, मुलींनी गळ्यात पडून रडारड केली आणि काही आठवड्यांत तीस वर्षांचा संसार खोक्यांत भरून बाई विमानात. त्यांचे यजमान आधीच, बहारीनलाच वारले होते. भारतात कुणी उरलं नव्हतं. आम्ही तोवर मुलीमागोमाग पार्सिपनीला आलो होतो, आणि नलूताई अमोलकडे वेस्ट विंडसरला आल्या. मला केवढा आनंद झाला होता! म्हटलं, आता दोघी मिळून इथे टुरिस्ट होऊ. पण वेस्ट विंडसरला गाडीशिवाय पाऊल टाकता येत नाही, आणि नातवंडांना आजीनं "मी टुरिस्ट, दाखव मला तुझं गाव" म्हटलं की ती म्हणायची, "आज्जी, देअर इज नथिंग टू सी हिअर." त्यांचं तरी काय चुकलं म्हणा.

दुबईचं प्रकरण मात्र मंडळानं सुरू केलेलं नाही. ते अमोलनं सुरू केलं. हे मला कळलं दिवाळीच्या कार्यक्रमात. कुणीतरी त्याला विचारलं, "तुझं बालपण कुठलं?" आणि हा, ज्याचा जन्म मनाम्यातला, ज्यानं त्या किल्ल्याखाली समुद्रात पोहायला शिकून घेतलं, तो बिनदिक्कत म्हणाला, "दुबई." नलूताई बाजूलाच होत्या, हातात चकलीची डिश. त्यांनी ती शेजारच्यांपुढे धरली. मी त्याला पार्किंग लॉटमध्ये गाठलं. "अरे अमोल, लाज वाटते का तुला बहारीन म्हणायची?" तर म्हणाला, "काकू, बहारीन म्हटलं की लोक विचारतात, व्हेअर इज दॅट? मग मॅप काढा, एक्सप्लेन करा. कोण करत बसणार यार!" मग वेगळ्या आवाजात म्हणाला, "आणि खरं सांगू? जिथे जन्मलो तिथून शिक्षण संपल्याबरोबर मला जा म्हणाले. फ्रेंड्स तिथेच राहिले, मी एकटा निघालो. मी का घ्यायचं त्या देशाचं नाव?" त्याचं दुखणं खरं होतं, मी नाही म्हणत नाही. पण स्वतःच्या दुखण्यापायी त्यानं आईचं अख्खं आयुष्य दुसऱ्या गावाला देऊन टाकलं, आणि ती माउली गप्प बसून ते देऊ देत राहिली. नलूताई, याबद्दल मी तुमच्यावरही चिडलेली आहे.

त्यांना एकच गोष्ट हवी होती. लतीफा आता तिथल्या नवीन गाइडना शिकवते, त्याच किल्ल्यावर. कॉजवेवरून, म्हणजे समुद्रातल्या लांब पुलावरून, शेजारच्या देशातले लोक लोटतात, युरोपातून जहाजं येतात, मोटारींच्या शर्यती असल्या की हॉटेलात जागा नसते. ती व्हिडिओ कॉलवर म्हणायची, "मिस, सगळं जग आमचा देश बघून गेलं. तुम्हीच राहिलात. या, मी तुमची गाइड." नलूताईंनी ते मनावर घेतलं. "मंगल, पासपोर्टवर 'टुरिस्ट' असा खराखुरा शिक्का घेऊन उतरायचं गं मला. ना शाळा, ना कफील." कफील म्हणजे तिथला जामीनदार, ज्याच्या सहीशिवाय परदेशी माणसाचं पान हलत नाही. "लतीफा बोलेल आणि मी नुसती ऐकेन." पहिल्या हिवाळ्यात अमोल म्हणाला, ग्रीन कार्डचं काम अडकलंय, आता बाहेर नको. मग सुनेचं प्रोजेक्ट आलं. मग बातम्यांत तिकडे क्षेपणास्त्रं दिसायला लागली आणि "आई, आर यू सीरियस?" मग गुडघे. प्रत्येक वेळी 'नेक्स्ट इयर'. मी म्हटलं, मी घेऊन जाते ना! तर अमोल म्हणाला, "काकू, तुम्ही दोघी? काही झालं तर धावणार कोण?" आणि एकदा, माझ्यासमोर, अगदी प्रेमानं त्यानं आईला विचारलं, "पण आई, तिथे आता तुझं आहे कोण?" नलूताईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "नाही रे," म्हणाल्या, "कुणी नाही." सगळ्यात जास्त मला ते उत्तर लागलं. त्यानंतर त्यांनी विषयच काढला नाही.

मग ती सकाळ आली. लतीफाला मीच फोन करून कळवलं. ती इंग्रजीत 'नो, नो' एवढंच म्हणत राहिली. अमोल अस्थी घेऊन नाशिकला निघायच्या तयारीला लागला तेव्हा मी हात जोडून सांगितलं, "बाबा रे, जाताना बहारीनवरून जा. उतरूही नकोस हवं तर. लतीफा विमानतळावर येईल, लांबून नमस्कार करेल." तो थकलेला होता, डोळे सुजलेले. "काकू, प्लीज. अस्थी, कस्टम्स, कनेक्शन... आय कान्ट डू दिस राइट नाऊ." पोरकं झालेल्या माणसाशी किती भांडणार? दोन दिवसांनी त्याचा मेसेज आला. दुबईला पोचलो, लांब हॉल्ट आहे, लाउंजमध्ये आहे, सगळं स्मूथ. म्हणजे जिथे बाईंनी जन्मात पाऊल टाकलं नव्हतं, तिथे बाई अखेर पोचल्या. अमोलच्या हँडबॅगेत. मीही जोडलेले हात पाठवून दिले.

गेल्या आठवड्यात लतीफाचा फोन आला. तिला विचारायचं होतं, मिस आता कुठे आहेत, म्हणजे आमच्यात कबर नसते हे तिला ठाऊक होतं, पण एखादी जागा असेल ना, जिच्याकडे तोंड करून दुवा मागता येईल? मी सांगितलं, गोदावरी नदी आहे, तिच्यात. तिनं नाव नीट म्हणून पाहिलं. मग विचारलं, कशा गेल्या, कोणत्या वाटेनं? आता खोटं कशाला बोलू? म्हटलं, दुबईमार्गे गेल्या, अमोल तिथे बराच वेळ थांबला होता. आणि मग त्या बेटावरून, त्या अरब बाईच्या तोंडून, अगदी नलूताई म्हणायच्या तशाच हेलात, 'बाई' लांबवून आलं, "अगं बाई..."

तिला त्याचा अर्थ माहीत होता की नाही कोण जाणे. शाळेत काही सांडलं, हरवलं, कुणाला लागलं की मिस तसंच म्हणायच्या, म्हणून त्यांचा अख्खा वर्ग तसंच म्हणतो, आणि आता त्या सगळ्यांच्या मुलीसुद्धा म्हणतात, हे तिनं नंतर सांगितलं. नलूताईंच्या वेस्ट विंडसरच्या घरात हे दोन शब्द आता कुणी म्हणत नाही, नातवंडं 'ओ माय गॉड' म्हणतात.

"अगं बाई," ती पुन्हा म्हणाली आणि मग इंग्रजीत, "दुबई इथून विमानानं तासाभरावर आहे, आंटी. मला कुणी सांगितलं असतं तर मी गेले असते."