ओरखडासुद्धा नाही

आमचे हे फोन विकतात. घरचंच दुकान, एका काउंटरवर हे आणि धाकटे भावजी, आणि दोघांचं कशावर एकमत होईल तर शपथ. हे म्हणणार, फोन म्हणजे बॉडी. काच, कडा, बॅटरी. गिऱ्हाइकासमोर डिस्प्लेला ठेवलेला फोन उचलून असा आपटतील की नवखा माणूस दचकलाच पाहिजे. भावजींचं उलटं. आतलं सॉफ्टवेअर अडकत नाही, मध्ये मध्ये जाहिराती मारत नाही, तो त्यांच्या लेखी फोन. दोघांच्या दोन कंपन्या ठरलेल्या आणि दुसऱ्याच्या कंपनीचं नाव काढलं की तोंडाचा पट्टा सुरू. लग्नानंतर मी पहिल्यांदा तापानं पडले तेव्हा हे म्हणाले होते, "दिसायला तर दणकट वाटलीस." तेव्हा मी हसले होते, वेडी.

सासूबाई दोन गल्ल्या पलीकडे एकट्या राहायच्या. मुलांच्या कटकटीला कंटाळल्या होत्या. चक्कर यायची, दिसायचं कमी, नंबर एकही पाठ नाही. पडलंझडलं तर कुणाला बोलावता यावं, एवढ्यासाठी फोन हवा होता. पण कुठल्या कंपनीचा, ह्यावर भावाभावांची जुंपली. शेवटी ह्यांनी डिस्प्लेचाच फोन उचलला, सिम घातलं आणि आम्हा तिघांचे फोटो पडद्यावर लावून दिले. फोटो दाबला की फोन लागणार. म्हणाले, "वर्षभर आपटतोय, काही झालं नाही त्याला. आईच्या हातून काय होणार?"

दुसऱ्याच दिवशी आई म्हणाल्या, "अरे, तुमचे फोटो गेले." हे जाऊन परत लावून आले. पुन्हा गेले. मग ह्यांचा पारा चढला. "कुठंही बोटं खुपसतेस. हाताला वळण म्हणून नाही. एवढा चांगला फोन दिला, त्याची वाट लावतेस." त्यानंतर आईंनी तक्रारच सोडली. मी विचारलं की म्हणायच्या, "आहेत गं, आहेत."

डिस्प्लेचा फोन वेगळा असतो. गिऱ्हाइकं दिवसभर त्यात नाही नाही ते करून ठेवतात, म्हणून तो रोज पहाटे आपला आपण सगळं पुसून टाकतो आणि कंपनीची जाहिरात लावून बसतो. आतलं ते डेमोचं सॉफ्टवेअर काढल्याशिवाय तो कुणाला द्यायचा नसतो. हे विसरले. भावजी विसरले नव्हते. नंतर मला अगदी सहज म्हणाले, "वहिनी, मी दादाला विचारलं होतं, डेमो काढलास का म्हणून. तो म्हणाला, तुझं सॉफ्टवेअरचं तुणतुणं बंद कर. मग म्हटलं राहू दे, अद्दल घडेल त्याला."

अद्दल कुणाला घडली ते मी पाहिलं. एका दुपारी माझ्याकडच्या किल्लीनं दार उघडून आत गेले तर आई बाथरूमच्या दारात पडलेल्या. सकाळपासून. कमरेचं हाड मोडलेलं, कपडे ओले, आणि हातात फोन घट्ट धरलेला. पडद्यावर एक बाई हसत हसत तसलाच फोन पाण्यात बुडवत होती, काढत होती, पुन्हा बुडवत होती. आई म्हणाल्या, "तुम्ही कुणीच नव्हतात गं. हीच एक होती."

त्यातून त्या उठल्या नाहीत. त्या आत विव्हळत होत्या आणि हॉस्पिटलच्या बाकावर हे दोघं कुठली कंपनी भिकार, ह्यावर भांडत होते. नर्सनं येऊन झापलं तेव्हा गप्प झाले. मला ह्यांची किळस आली, आणि भावजींची त्याहून जास्त.

सगळं आटोपल्यावर दुकान उघडलं. मी आईंच्या घराची किल्ली द्यायला गेले, तर एक गिऱ्हाईक दोन कंपन्यांचे फोन हातात घेऊन घुटमळत होतं. ह्यांनी ड्रॉवरमधून तो फोन काढला आणि त्याच्यापुढे धरला.

"आमची आई हा हातात घेऊन फरशीवर पडली. बघा, ओरखडासुद्धा नाही."

गिऱ्हाइकानं फोन उलटापालटा करून पाहिला. "आणि आई?"

"तिचं वय झालं होतं," हे म्हणाले.

मला वाटलं, निदान भावजी तरी काहीतरी बोलतील. भावजी बोलले. म्हणाले, "काळा देऊ की निळा?"