वसतिगृहाची कुलपं

एका कॉलेजच्या वसतिगृहातल्या झाडून सगळ्या ट्रंका मी माझ्याच हुकुमाने चोरासाठी उघड्या करून दिल्या, आणि त्याबद्दल रेक्टरांच्या हस्ते हारही घालून घेतला. नोकरीतल्या बऱ्याच गोष्टी विसरलो. ही विसरायचा प्रयत्न केला, पण हिने मला सोडलं नाही.

महाराष्ट्र राज्य नवं होतं आणि मीही नवा होतो. पुण्याकडचा मी, बुलढाणा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी फौजदार म्हणून आलो. इकडे फौजदार कोणी म्हणत नाही, 'ठाणेदार' म्हणतात. तो शब्द ऐकला की माझी छाती आपोआप दोन बोटं पुढे यायची. ठाण्यातले हवालदार जुन्या मध्यप्रांताच्या काळापासून नोकरीत होते. ते मला सलाम कडक करायचे, पण सलाम झाल्यावर माझ्याकडे जसं बघायचे तसं लोक शिकाऊ बैलाकडे बघतात.

गावात कॉलेज निघून फार दिवस झाले नव्हते. खेड्यापाड्यांतली पोरं तिथल्या वसतिगृहात राहायची. प्रत्येकाची एक लोखंडी ट्रंक, आणि घरदार काय ते तिच्यातच. तिथे चोऱ्या होऊ लागल्या. कोणाचं फाउंटन पेन, कोणाची बॅटरी, कोणाचा टेरिलिनचा शर्ट, एकाचं मनगटी घड्याळ, तर एकाच्या आईने पाठवलेला तुपाचा डबा. तुपाच्या डब्याची फिर्याद लिहून घेताना मला हसू आलं होतं. फिर्यादीला आलं नव्हतं.

बहुतेक ट्रंकांना कुलूपच नव्हतं, काहींना नुसती सुतळी. मी मुलांना अंगणात जमवून भाषण ठोकलं. "पोलीस प्रत्येकाच्या उशाशी बसू शकत नाहीत. कुलूप लावा!" मग नुसतं भाषण करून थांबावं की नाही? मी स्वतः खामगावच्या बाजारात गेलो, एका कुलूपवाल्याशी जोरदार घासाघीस केली आणि पेटीभर कुलपं स्वस्तात उचलली. पेटी घेतली म्हणून त्याने एक कुलूप फुकट दिलं. ते मी ठाण्यातल्या मुद्देमालाच्या कपाटाला लावलं. सरकारी खर्च वाचवल्याचा मला कोण अभिमान!

प्रत्येक कुलपाला दोन किल्ल्या होत्या. पोरं किल्ल्या हरवणार हे ओळखून दुसऱ्या किल्ल्या एका पिशवीत घालून एका विश्वासू मुलाकडे ठेवायच्या, हीसुद्धा माझीच अक्कल. मुलांनी एकमताने ज्याचं नाव सुचवलं तो शेवटच्या वर्षाला होता. धामणगाव बढ्याच्या बाजूचा, काळासावळा, कमी बोलणारा. त्या समारंभात रेक्टरांनी मला झेंडूचा हार घातला.

पंधरवड्यात चोऱ्या पुन्हा सुरू झाल्या. फरक एवढाच, की आता कुलपं जागच्या जागी असायची आणि आतली वस्तू नसायची.

कुलूप तुटलं नाही म्हणजे किल्ली वापरली. किल्ल्या कोणाकडे? पिशवीवाल्याकडे. पोलीस ट्रेनिंगमध्ये शिकवतात तसा मी एकाला एक जोडत गेलो आणि बेरीज झाली म्हणून खूश झालो. त्यात बातमी चालून आली. वसतिगृहाचा विद्यार्थी सेक्रेटरी संध्याकाळी ठाण्यात आला. चांगल्या जमीनदार घरातला, इस्त्रीचे कपडे, बोलणं पुस्तकासारखं स्वच्छ. इथल्या 'मले-तुले'नंतर इतक्या महिन्यांनी 'मला' आणि 'तुला' ऐकून माझे कान निवले. मी त्याला खुर्ची दिली, चहा मागवला.

"साहेब, मित्राचं नाव सांगताना फार संकोच वाटतो," तो म्हणाला. "पण किल्ल्यांची पिशवी ज्याच्याकडे आहे, त्याच्या ट्रंकेत, अगदी तळाशी, लाल फडक्यात बांधलेलं एक सोनेरी घड्याळ आहे. त्याच्या परिस्थितीत असं घड्याळ कुठून येणार?"

"शाबास," मी म्हणालो. "असे जागरूक तरुण पाहिजेत देशाला."

तो गेल्यावर हवालदारांनी कपबशी उचलली. "साहेब, बातमी लय गोड हाय."

"म्हणजे?"

"काही नाही. चहात साखर जास्त पडली वाटते."

दुसऱ्या दिवशी पंच घेऊन झडती घातली. तळाशी, लाल फडक्यात घड्याळ निघालं. ज्याचं घड्याळ चोरीला गेलं होतं त्या मुलाला दाखवलं. तो म्हणाला, "असंच होतं साहेब, पण पट्टा दुसरा होता." पट्टे बदलता येतात, असं मी त्यालाच समजावून सांगितलं. पंचनामा केला, घड्याळ आणि किल्ल्यांची पिशवी जप्त केली, पोराला ठाण्यात आणून बाकावर बसवलं.

"घड्याळ कोणाचं?"

"माहं हाय."

"कोणी दिलं?"

त्याने मान खाली घातली.

"पावती आहे? विकत घेतलंस? बापाने दिलं?"

"चोरलं नाही साहेब."

"मग बोल की!"

तो माझ्या टेबलाच्या पायाकडे बघत राहिला. मी आवाज चढवला, कलमं ऐकवली, छडी टेबलावर आपटली. त्याने पाण्याचा पेला मागितला, प्यायला आणि पेला नीट जागेवर ठेवला. रेक्टर येऊन सांगून गेले की सोमवारपर्यंत निकाल लागला नाही तर वसतिगृहातून त्याचं नाव कमी करणार. परीक्षा तोंडावर होती. गावात खोली घेऊन राहण्याची त्याची ऐपत नव्हती. नाव कमी झालं म्हणजे त्याचं कॉलेज संपलं, आणि चोरीचा शिक्का घेऊन तो परत गावी जाणार. हे त्यालाही कळत होतं, तरी तोंड उघडेना.

हवालदार मला बाजूला घेऊन म्हणाले, "साहेब, हे पोरगं चोर नाही वाटत. चोर इतका गुमान नाही बसत. चोर भडाभडा बोलते, आईची आन घेते, तुमच्या पाया पडते. हे कायतरी लपवून राह्यलं, पन चोरी नाही."

"मग घड्याळ काय आकाशातून पडलं?"

"ते मले काय माहीत? ठाणेदार तुमी हायेत."

मी अटक दाखवली नव्हती. चौकशी म्हणून बसवलं होतं, आणि पोराला सांजेला सोडून सकाळी पुन्हा यायला सांगायचं असं ठरवलं. हवालदारांना म्हटलं, घड्याळ कपाटात ठेवा. ते टेबलावरची किल्ली उचलून आतल्या खोलीत गेले. कपाट उघडल्याचा करकर आवाज आला. मग ते दारात येऊन उभे राहिले.

"साहेब, कपाटाची किल्ली तुमच्याजवळ असते ना?"

मी खिसा चाचपला. "ही काय."

"मग मी कशानं उघडलं?"

त्यांच्या हातात होती ती पोराच्या ट्रंकेची किल्ली. पंचनाम्यात टेबलावर राहिलेली.

आम्ही दोघांनी ती पिशवी टेबलावर ओतली आणि एकेक किल्ली कपाटाच्या कुलपाला लावत बसलो. एखाददुसरी किल्ली जरा कुरकुरली, बाकी सगळ्यांनी कपाट उघडलं. खामगावच्या त्या भल्या माणसाने मला स्वस्तात पेटी दिली होती, कारण त्या पेटीतल्या कुलपांत फरक एवढाच होता की ती वेगवेगळी होती, किल्ली मात्र सगळ्यांची एकच. सुतळी तरी बरी, सोडायला दोन मिनिटं लागायची. मी प्रत्येक पोराच्या हातात सगळ्या वसतिगृहाची किल्ली दिली होती. वर सरकारी मुद्देमालाचीही.

हवालदार हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं.

पिशवीचा पुरावा असा संपला. उरलं घड्याळ. रात्रभर मी स्वतःला बजावत होतो, चूक झाली ती झाली, आता खरा चोर हातात आल्याशिवाय हे प्रकरण सोडायचं नाही. बदली झाली तरी बेहत्तर.

दुसऱ्या दिवशी बाजार होता. पोरगा बाकावर येऊन बसला आणि मागोमाग पागोटं बांधलेला एक शेतकरी, खांद्यावर वांग्याचं अर्धं पोतं तसंच घेऊन, थेट माझ्यासमोर येऊन उभा राहिला. भाजी विकायला आला होता, बाजारात कोणीतरी त्याला ठाण्यातली बातमी सांगितली होती.

"राम राम ठाणेदार साहेब. ह्या पोराले काऊन बसवलं?"

"तुम्ही कोण याचे? वडील?"

"सासरा."

मी पोराकडे बघितलं. त्याने डोळे मिटून घेतले.

"घड्याळ सापडलं म्हन्ते ना तुमाले? म्या देल्लं लगनात. पहा, मागच्या झाकनावर वरखाडा हाय. पोरीच्या लहान भावानं दगडावर टाकलं होतं, दोन थापडा खाल्ल्या त्यानं."

मी कपाटातून घड्याळ काढून बघितलं. ओरखडा होता.

"अरे, मग लग्न झालंय हे सांगायला काय झालं होतं तुला?" मी पोरावर ओरडलोच.

"वसतिगृहात लगन झालेले पोरं ठेवत नाहीत साहेब," तो पहिल्यांदाच सरळ बोलला. "अर्जात 'अविवाहित' लिहिलं होतं म्या. सांगतलं असतं तं तिथून काढलं असतं. नाही सांगतलं तं चोर म्हनून काढतील. म्हटलं, पाहू काय होते ते."

सासऱ्याने कपाळावर हात मारला. "बे, चोर म्हनून जाशील पन नवरा म्हनून नाही? माह्या पोरीनं काय तोंड दाखवावं गावात?"

पोराची मान आणखी खाली गेली. मी विचारलं, "हे घड्याळ तू कोणाकोणाला दाखवलंस?"

"कोनालेच नाही साहेब. कसं दाखवू? लाल फडक्यात तिनंच बांधून देल्लं होतं. कोनासमोर गाठ सोडली नाही."

मी हवालदारांकडे बघितलं. हवालदार माझ्याकडे बघत होते. दोघांनाही तो जास्त साखरेचा चहा आठवला होता. ज्याने कधी बघितलं नव्हतं, त्याला फडक्याचा रंग कसा माहीत?

सेक्रेटरीला बोलावणं पाठवलं. तो हसतच आला. त्याच खुर्चीवर बसवलं, चहाही मागवला.

"जबाब लिहून घ्यायचाय तुमचा," मी म्हणालो. "त्या दिवशी सांगितलंत तसंच सांगा."

त्याने घडाघडा सांगितलं. ट्रंकेच्या तळाशी, लाल फडक्यात.

"कधी बघितलंत?"

"त्यानेच दाखवलं होतं."

"कोणी दिलं म्हणाला?"

त्याने कपबशी खाली ठेवली. "ते... विचारलं नाही मी."

"मित्राने सोन्यासारखं घड्याळ फडक्यातून काढून दाखवलं आणि तुम्ही विचारलंही नाहीत?"

कपाटाचं कुलूप आणि पिशवीतल्या चार किल्ल्या त्याच्यासमोर मांडल्या आणि म्हणालो, "यातली कुठली लागेल, सांगा."

दुसरा कोणीही असता तर त्याने किल्ल्या निरखल्या असत्या, एखादी लावून पाहिली असती. त्याने त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्याला उत्तर माहीत होतं. सगळ्यात आधी त्याची ती पुस्तकी भाषा गळून पडली.

"आळ कोनावर तरी जायालेच पाहिजे होता ना साहेब," तो म्हणाला. "म्हनून त्याचं घड्याळ दिसलं तरी उचललं नाही, तिथंच ठेवलं."

माल जवळच्या उंद्री गावी, सेक्रेटरीच्या मावशीच्या घरी निघाला. ज्वारीच्या कणगीत शर्ट, पेनं, बॅटरी, दुसरं घड्याळ, सगळं गुंडाळून ठेवलेलं. सुट्टीच्या दिवशी तिथून नटून तो खामगावला फिरायला जायचा. बापाकडे पाहिजे तेवढी जमीन होती, पण टेरिलिनला तो 'तमाशातलं कापड' म्हणायचा आणि घेऊन द्यायचा नाही. तुपाचा डबाही सापडला, रिकामा. भाच्याने आणलेलं तूप मावशीने त्यालाच भाकरीवर वाढलं होतं. पंचांनी डबा हुंगून सही केली.

राहिला वसतिगृहाचा प्रश्न. रेक्टरांकडे मी तीनदा गेलो. चोर नाही हे त्यांना पटलं, पण विवाहित आहे हेही पटलं. नियम म्हणजे नियम. त्या पोराचं वर्ष मी धोक्यात घातलं होतं, तेव्हा ते वाचवणं मला भाग होतं. मी त्याची ट्रंक उचलून माझ्या क्वार्टरच्या बाहेरच्या खोलीत आणून ठेवली आणि परीक्षेपर्यंत इथेच राहायचं असं सांगितलं. तो नको नको म्हणत होता. मी म्हटलं, हा ठाणेदाराचा हुकूम आहे. माझा तेवढा एक हुकूम पुढे बरा निघाला. तो पास झाला.

त्या प्रकरणाने मला शिकवलं, की जो आपल्याला आवडेल असं बोलतो त्याची झडती आधी घ्यावी, आणि जो गप्प बसतो त्याला काय गमावण्याची भीती आहे ते आधी विचारावं. छडी आपटून चोराची जीभ सुटते, अब्रूदाराची नाही. पुढच्या सगळ्या नोकरीत मी ठाण्यात आलेल्या खबऱ्याला चहा पाजला, पण बिनसाखरेचा.

पोरगा माझ्याकडे राहायला आल्यानंतरच्या बाजारी त्याचा सासरा आला. वांगी, मेथीच्या जुड्या आणि एक नवं कोरं, चांगलं वजनदार कुलूप. ते त्याने जावयाच्या ट्रंकेला स्वतः लावलं, खेचून बघितलं आणि किल्ली जावयाच्या हातात दिली.

"अहो, ठाणेदाराच्या घरात कसलं कुलूप?" मी म्हणालो. "माझ्यावर भरोसा नाही का?"

"जवाई तुमच्या भरोशावर सोडून जाऊन राह्यलो साहेब, मानूस तुमी चांगले हायेत," रिकामं पोतं झटकत तो म्हणाला. "पन कुलूप म्या घेतलं. तुमचं कुलूप अन् तुमचं डोकं, दोन्ही कोनाच्याबी किल्लीनं उघडते."