कोंबडा, कुकर आणि डिचोलीतली न्हाणी

"वैशाली, तू आणि मी जाऊन येऊ," वन्सं म्हणाल्या, आणि माझ्या हातातला चहा कपातच थंड झाला.

वन्सं म्हणजे माझ्या थोरल्या नणंदबाई. गणिताच्या शिक्षिका म्हणून निवृत्त झाल्यात, पण आवाज अजून नोकरीवर आहे. त्यांच्या मुलाने, निनादने, पुण्यात ऑफिसातलीच एक मुलगी पसंत केली. सिद्धी तिचं नाव, माहेर गोव्यात डिचोलीला. मुलगी आम्हाला आवडली होती. आता तिच्या आईवडिलांना भेटायचं होतं. दाजींचा गुडघा आणि माझ्या नवऱ्याची रजा नेमकी त्याच आठवड्यात आखडली, म्हणून उरलो आम्ही दोघी. माझ्या लग्नाला वीस वर्षं झाली, पण वन्संबरोबर एकटीने प्रवास कधी केला नव्हता.

मला काळजी वन्संची नव्हती. मला काळजी होती कोंबड्यांची.

सांगूनच टाकते. मला जिवंत कोंबडीची भीती वाटते. शिजलेल्या कोंबडीशी माझे संबंध उत्तम आहेत, तांबडा-पांढरा मी वाटीने पिते. पण जिवंत कोंबडी मान तिरकी करून एकाच डोळ्याने आपल्याकडे बघते ना, तेव्हा दुसऱ्या डोळ्याने ती काय बघत असेल, या विचाराने मी चढायला उंच काहीतरी शोधू लागते. कोल्हापुरात आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो, त्यामुळे ही गोष्ट फक्त नवऱ्याला ठाऊक. त्याने निघताना कानात सांगितलं, "गोव्यातल्या गावात अंगणात कोंबड्या असतातच. तोंड घट्ट मिटून घे आणि किंचाळू नकोस. लग्नाचा मामला आहे."

जानेवारीतली गुरुवारची सकाळ. कोल्हापूरहून पणजीची एसटी पकडली. ज्यांना घाई नाही त्यांनी आजरा-आंबोली मार्गेच जावं. आंबोलीत धुकं होतं, गाडी थांबली तिथे गरम कांदाभजी मिळाली. घाट उतरून सावंतवाडी, मग बांदा, आणि पत्रादेवीला गोव्याची हद्द. हायवे आता रुंद आणि गुळगुळीत झालाय, त्यामुळे पेडणे कधी आलं कळलंच नाही. विमानाने येणाऱ्यांना मोपा इथून जवळच. आम्ही उतरलो तेव्हा एक विमान इतकं खाली आलं, की वन्संनी डोक्यावरचा पदर सावरला.

पेडण्यात मुक्काम हा वन्संचा आग्रह. "सोयऱ्यांच्या दारात पारोसं तोंड घेऊन जायचं नाही." एका घरगुती लॉजमध्ये खोली घेतली होती. साधी, स्वच्छ, दोघींना परवडेल अशी. मागच्या बाजूला माड, काजूची झाडं आणि मला अपेक्षित असलेलं सगळं: दोन कोंबड्या आणि त्यांची पिल्लं. मी खिडकी लावून घेतली. "उन्हाची ॲलर्जी आहे मला," मी म्हणाले. सूर्य मावळून गेला होता. वन्संनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि बॅग उघडायला घेतली.

पण थोड्या वेळाने त्यांचंही काहीतरी विचित्र सुरू झालं. अंघोळीला जाताना म्हणाल्या, "बाहेरच उभी राहा. मी पाढे म्हणते. चुकले तर सांग. या वयात मेंदूला व्यायाम लागतो."

आतून पाण्याबरोबर आवाज येऊ लागला. "तेरा एके तेरा, तेरा दुणे सव्वीस..." तेराचा संपला, चौदाचा आला. मी नवऱ्याला मेसेज केला: तुझी बहीण बाथरूममध्ये पाढे म्हणते. त्याचं उत्तर आलं: लहानपणापासून. का ते विचारू नकोस.

शुक्रवारी सकाळी पेडण्याच्या बाजारात नाश्ता केला. पाव आणि पातळभाजी, सोबत मिरचीची भजी. तुम्ही गेलात तर बटाट्याची भाजी आणि पातळभाजी मिसळून मागा, 'मिक्स' म्हटलं की देतात. मग म्हापशाची बस. गोव्यातल्या या खासगी बसेस छोट्या आणि चटपटीत असतात. कंडक्टर दारात लटकून "म्हापशें, म्हापशें" ओरडतो, सुटे पैसे जवळ ठेवले की तो खूश असतो. शुक्रवार म्हणजे म्हापशाचा मोठा बाजार. मिरच्यांचे ढीग, सुकी मासळी, मडकी, आणि हातभर लांबीची मोयऱ्याची केळी. सोयऱ्यांकडे नेण्यासाठी वन्संनी केळी निवडली, एकेक फणी दाबून, वास घेऊन. केळीवाली शेवटी म्हणाली, "बाय, केळीं व्हरतात काय व्हंकल पळयतात?" म्हणजे केळी नेताय की नवरी बघताय. वन्सं म्हणाल्या, "दोन्ही."

डिचोलीच्या बसमध्ये मात्र घात झाला. वन्सं खिडकीशी बसल्या, त्यांच्या शेजारची जागा माझी. पुढच्या सीटवरच्या बाईंच्या पिशवीतून काहीतरी लाल हललं. पिशवीची चेन बरोबर मानेपर्यंत लावलेली, आणि बाहेर कोंबडीचं डोकं. तिने मान तिरकी केली. एक डोळा. माझ्यावर.

"बस की," वन्सं म्हणाल्या.

"मला उभं राहायला आवडतं," मी म्हणाले.

"फाटीं वचात, फाटीं वचात!" कंडक्टर ओरडला, आणि आयुष्यात पहिल्यांदा मी कंडक्टरचं ऐकून आनंदाने बसच्या पार मागे गेले. अस्नोडा गेलं, मुळगाव गेलं, सुपारीची कुळागरं आणि लाल मातीच्या टेकड्या गेल्या. मला तुम्हाला त्यांचं वर्णन करून सांगायला आवडलं असतं, पण मी सगळा वेळ एका पिशवीकडे बघत होते.

डिचोलीच्या अलीकडेच सिद्धीचं घर. स्टॉपवर तिची आई, रोहिणीताई, न्यायला आल्या होत्या. उंच, हसऱ्या, केसात गजऱ्यासारखा अबोलीचा वळेसर. "येयात, येयात!" म्हणत त्यांनी केळ्यांची पिशवी काढून घेतली. घर उतरत्या कौलांचं, पुढे सोपा, शेणाने सारवलेलं खळं. खुर्चीला तिथे कदेल म्हणतात. आम्हाला दोन कदेलांवर बसवलं, कोकमाचं सरबत आलं. सिद्धीचे वडील मात्र दिसेनात.

"गुरुदासबाब कुठे आहेत?" वन्संनी विचारलं.

"हे? आत्ता येतात. इथेच आहेत." रोहिणीताईंचा चेहरा पडला. "जरा... बागेत."

मी बागेत बघितलं. एका माडामागे एक धिप्पाड माणूस उभा होता. माडापेक्षा तो रुंद होता, त्यामुळे लपणं जमत नव्हतं. आमची नजर गेली तसा त्याने हात जोडून नमस्कार केला आणि पुन्हा माडामागे गेला.

वन्संच्या कपाळावर ती आठी आली, जी बघून नववी ब चा अख्खा वर्ग गप्प बसायचा. "वैशाली," त्या पुटपुटल्या, "वडिलांच्या मनात हे लग्न नाही. मुलाच्या आईला बघून माणूस झाडामागे जातो, याचा दुसरा अर्थ काय?" मलाही दुसरा अर्थ सुचेना. निनादचा चेहरा डोळ्यांसमोर आला.

"मी जरा हातपाय धुऊन येते," वन्सं ताठ उठल्या. रोहिणीताईंनी स्वयंपाकघराच्या पलीकडची न्हाणी दाखवली. दाराचा आवाज आला, आणि पाठोपाठ, "सतरा एके सतरा..."

रोहिणीताईंनी माझ्याकडे बघितलं. "मेंदूचा व्यायाम," मी म्हणाले.

आणि त्याच क्षणी सोप्याच्या पायरीवर तो आला. तांबडा, काळ्या शेपटीचा, माझ्या गुडघ्याएवढा कोंबडा. सावकाश, छाती काढून, घर त्याच्या नावावर असल्यासारखा. त्याने मान तिरकी केली.

मी किंचाळले नाही, नवऱ्याला दिलेला शब्द पाळला. मी फक्त कदेलावर चढले. साडीसकट. सरबताचा ग्लास हातात तसाच.

"भियेनाकात बाय, तो कांय करिना," रोहिणीताई घाबरून म्हणाल्या. "आमचा भाटकार आहे तो." भाटकार म्हणजे जमीनदार. नाव अगदी बरोबर होतं. तो माझ्या कदेलाखाली येऊन उभा राहिला.

एवढ्यात स्वयंपाकघरात कुकरने दुसरी शिट्टी दिली, आणि न्हाणीतले पाढे थांबले. मग: "वैशाली! कडी निघत नाही! वैशाली!"

वन्संचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. त्यात बाई नव्हत्या, एक लहान मुलगी होती. एका झटक्यात मला सगळं कळलं: ते पाढे व्यायामासाठी नव्हतेच. आवाज बंद झाला तर बाहेरच्याला कळावं, म्हणून होते. बंद दार उघडलंच नाही तर, ही ती भीती.

"आले, वन्सं!" मी ओरडले. पण कदेलावरून उतरता येईना. खाली भाटकार.

रोहिणीताई धावल्या. त्यांनी दार ढकललं, खांदा लावला. कडी आतून अडकलेली. त्या मागच्या जनेलाकडे, म्हणजे खिडकीकडे, गेल्या आणि बागेकडे ओरडल्या, "अहो! या लवकर! विहीणबाई अडकल्या!"

माडामागून आवाज आला, "कितल्यो शिट्यो जाल्यो?"

"दोन!"

"म्हणजे अजून एक आहे. ती झाली की येतो!"

मग रोहिणीताईंनी सोप्यावर माझ्याकडे येऊन, रडव्या चेहऱ्याने सांगितलं. गुरुदासबाब आयुष्यभर खाणीवर ट्रक चालवत होते. वळणावळणाच्या रस्त्यांवर भरलेले ट्रक, ब्रेक फेल, सगळं बघितलेला माणूस. पण घरात कुकर चढला की तो बागेत जातो. शिट्टीची भीती. आज पाहुण्यांसाठी तोंडाकाचे, म्हणजे रसदार उसळीचे, वाटाणे लावले होते, आणि ते शिजायला वेळ घेत होते.

"कुकर बंद करा ना!" मी कदेलावरून म्हणाले.

"बंद केला की ते आणखी घाबरतात. म्हणतात, गप्प बसलेला कुकर जास्त वाईट."

आतून वन्संचा आवाज कापत होता, "सतरा साते... सतरा साते..." सतरा साते किती, हे वन्संना आठवत नव्हतं. ते ऐकून मला काय झालं कोण जाणे. मी डोळे मिटले, सरबताचा ग्लास छातीशी धरला आणि कदेलावरून खाली उडी मारली. पायाला काहीतरी मऊ लागलं, काहीतरी फडफडलं, आणि मी किंचाळत, होय, किंचाळतच, घरातून न्हाणीच्या दाराशी पोचले.

"एकशे एकोणीस, वन्सं! मी आहे इथे! पुढे सतरा आठ म्हणा!"

"आठ नाही, अठ्ठे म्हणतात," आतून हुंदका आणि दुरुस्ती एकदम आली.

माझ्या किंचाळण्याने बहुधा बागेतही काहीतरी हललं. कारण मागच्या दारातून गुरुदासबाब आत शिरले. डोक्यावर स्कूटरचं हेल्मेट, काच खाली, दोन्ही हात हेल्मेटवर कानांच्या जागी दाबलेले. ते कुकरकडे पाठ करून, भिंतीला घासत, खेकड्यासारखे आडवे चालत आले. दारापाशी पोचल्यावर त्यांनी एक हात सोडला, खिशातला पेचकस फटीतून घातला, दार जरा वर उचललं, आणि कडी खट्कन सुटली.

नेमकी तेव्हाच तिसरी शिट्टी झाली. गुरुदासबाब न्हाणीत घुसले. वन्सं बाहेर आल्या.

वन्संनी समोर बघितलं: मी, पदरावर सगळं सरबत सांडलेलं. माझ्यामागे रागावलेला कोंबडा. मग मागे वळून बघितलं, तर न्हाणीच्या कोपऱ्यात हेल्मेट घातलेला त्यांचा होणारा व्याही.

"झाली काय?" हेल्मेटमधून विचारणा झाली.

"झाली," वन्सं म्हणाल्या. आणि खाली दगडी उंबऱ्यावर बसून इतक्या हसल्या, की त्यांचा चष्मा पडला. मग रोहिणीताई हसल्या, मग मी, मग हेल्मेटही हलू लागलं. भाटकाराला रोहिणीताईंनी काखेत धरून बाहेर नेलं.

जेवायला उकड्या तांदळाचा भात, ते नाठाळ तोंडाक, माशाचं हुमण आणि कोंबडीची शागोती. शागोतीचा दुसरा वाडगा मी मागितला तेव्हा गुरुदासबाब म्हणाले, "वैनी, ही तुम्हाला चालते?"

"ही बघत नाही ना," मी म्हणाले. त्यांनी गंभीरपणे मान हलवली. त्या घरात हे कारण पटण्यासारखं होतं.

जेवताना कळलं की गुरुदासबाब शिरगावच्या लईराई देवीचे धोंड आहेत. जत्रेत व्रत धरून पेटत्या निखाऱ्यांवरून चालणारे भक्त, ते धोंड. वन्संचा घास हातात राहिला. "तुम्ही निखाऱ्यांवरून चालता, आणि कुकरला भिता?"

"निखारे शिट्टी मारिनात मगे, बाय," ते शांतपणे म्हणाले. "आणि तिथे देवी असते बरोबर. कुकराबरोबर कोण असतं?"

रोहिणीताई सगळ्यांना वाढत होत्या. वन्संनी विचारलं, "आणि तुम्हाला? तुम्हाला कशाची भीती?"

त्यांनी पळी खाली ठेवली. "मला तुमची. सिद्धीने सांगितलं होतं, सासूबाई गणिताच्या शिक्षिका आहेत. तीन रात्री झोप नाही मला. मी दहावीला गणितातच राहिले होते."

वन्संनी आपल्या ताटातला हुमणातल्या माशाचा मधला तुकडा उचलला आणि रोहिणीताईंच्या ताटात ठेवला.

संध्याकाळी गुरुदासबाबांनी व्हॅनमधून शिरगावला नेलं. देवळाचं अंगण झाडून ठेवलेलं, निवांत. पलीकडे खाणीच्या लाल टेकड्या उन्हात पेटल्यासारख्या दिसत होत्या. जत्रा नसतानाच जा, असं मी सुचवेन, म्हणजे गावाचा आवाज ऐकू येतो. त्यांनीच आम्हाला म्हापशाला सोडलं. तिथून दुसऱ्या दिवशी सकाळची कोल्हापूरची गाडी.

परतल्यावर माझी कोंबडीची भीती गेली का, असं नवऱ्याने विचारलं. नाही. कोंबड्यावर पाय पडला तरी भीती जात नाही, हे आता अनुभवाने सांगते. पण रस्त्यात गाडी थांबली, तेव्हा वन्संनी स्वच्छतागृहाच्या दारात माझ्या हातात पर्स दिली आणि म्हणाल्या, "कडी लावत नाही. तू दार धरून ठेव." पाढे म्हटले नाहीत. आतून मला दाजींच्या घोरण्याबद्दल सांगत राहिल्या, आणि मी हसू दाबत दार धरून उभी.

रात्री निनादचा फोन आला. स्पीकरवर सगळे बसलो. "आई, घर कसं आहे? खोल्या किती? शेती किती? माणसं कशी वाटली?"

आम्ही एकमेकींकडे बघितलं. खोल्या आम्ही मोजल्याच नव्हत्या. विहीर होती की नळ, तेही आठवेना.

"घराचं काय माहीत नाही रे," वन्सं म्हणाल्या. "माणसं एक नंबरची घाबरट आहेत."

पलीकडे निनादचा श्वास अडकलेला ऐकू आला. "म्हणजे?"

"म्हणजे हो म्हणून टाक."