तळासमोरचं दुकान

रत्नागिरीत एस.टी. स्टँडजवळच्या एका शिंप्याकडे मी पँट आखूड करायला गेलो होतो. त्याचं नाव विचारायचं राहूनच गेलं. मशीन चालवता चालवता तो मध्येच मान वाकडी करून बाहेर कान द्यायचा. इतक्यात डोक्यावरून कोस्टगार्डचं हेलिकॉप्टर गेलं, तशी त्याने मशीनचं चाकच धरलं.

“आपलंच ना हो?”

“आपलंच.”

मग तो बोलू लागला. आखातात परक्या फौजेच्या तळासमोर त्याचं दुकान होतं. सैनिकांच्या गणवेशांवर तो नावाच्या पट्ट्या शिवायचा.

“तिथले लोक आधी खूश होते. फौज आहे, म्हणजे राखण आहे. मग तळावर सोडलेलं क्षेपणास्त्र आमच्या गल्लीत पडलं. घरमालक तिथलाच. कानाशी येऊन म्हणाला, ‘दगड त्यांना मारतात, घरं आमची फुटतात.’ मोठ्याने बोलायची चोरी.”

“तुम्ही परत आलात, बरं झालं.”

“मी आलो. दुकान मुलगा चालवतो. ये म्हटलं तर म्हणतो, बाबा, नवी पलटण आलीय, काम आवरत नाही.”

पँट शिवून झाली. मी ती घ्यायला हात पुढे केला, तरी त्याने ती धरूनच ठेवली होती.