उताणं झोपून पाहिलेली भुतं

एन्चो-सेन्सेई वर्गाच्या मधोमध उताण्या झोपल्या, तेव्हा मला वाटलं त्यांना चक्कर आली. मी पाणी आणायला धावणार, तेवढ्यात त्या छताकडे बघत शांतपणे म्हणाल्या, "केळकर-सेन्सेई, तुम्हीपण या."

एन्चो-सेन्सेई म्हणजे पाळणाघराच्या मुख्य बाई. साठीच्या आसपासच्या, शर्टाची इस्त्री कधी न मोडणाऱ्या. मी पार्टटाइम असिस्टंट. नवऱ्याच्या आयटी प्रोजेक्टमुळे आम्ही जपानला, टोकियोतल्या निशी-कसाईला आलो होतो. पुण्यात सहा वर्षं बालवाडी शिकवल्याच्या जोरावर मला घेतलं होतं, पण तीन महिन्यांच्या ट्रायलवर. हा तिसरा महिना होता.

हॅलोविन, म्हणजे ऑक्टोबरअखेरचा भुताखेतांचा सण, तेव्हा दुकानांतून नुकतं दिसायला लागलं होतं. बाईंनी मला बोलावून सांगितलं, "दोन वर्षांच्या मुलांच्या वर्गाची सजावट तुम्ही घरी करून आणा. कावाई हवी, कोवाई नको." कावाई म्हणजे गोड, कोवाई म्हणजे भीतिदायक. शब्द इतके सारखे, की मी वहीत लिहून घेतले.

दोन वीकेंड घालवून मी भिंतींसाठी कागदी भोपळे, वटवाघळं आणि छतासाठी बारा भुतं केली. भुताला कागदाचा गोळा, त्यावर पांढरा रुमाल, गळ्याशी दोरा, बटणाचे डोळे, गुलाबी गाल. वर टांगायला तारेचा आकडा. दारातून बघितलं की हसू यायचं. मंगळवारी सकाळी मी सगळं लावलं, भुतं छताला टांगली आणि कौतुकाची वाट बघत उभी राहिले.

आता बाईंच्या शेजारी आडवी झाले. खालून गाल नव्हते, डोळे नव्हते. रुमालाच्या आत काळोखी पोकळी होती आणि तिच्यातून तारेचं टोक नखासारखं बाहेर आलं होतं. अशा बारा पोकळ्या आमच्यावर झुलत होत्या.

"मिओ-चानला हे दिसणार," बाई म्हणाल्या.

मिओ दोन वर्षांची. महिन्यापूर्वी आलेली. रोज सकाळी आई गेली की तासभर रडायची, अगदी उलटी होईपर्यंत. तिची आई दाराबाहेर उभी राहून ऐकायची आणि मग डोळे पुसत ऑफिसला जायची. शुक्रवारी सगळे आईवडील सजावट बघायला येणार होते.

बाई उठल्या आणि गुडघ्यांवर रांगत सगळा वर्ग फिरल्या. प्रत्येक भोपळा, प्रत्येक वटवाघूळ मुलांच्या उंचीवरून बघितलं. मग उभं राहून एका भुताचं बटण जोरात ओढलं. ते तुटून हातात आलं. खिशातून त्यांनी टॉयलेट पेपरच्या रोलची पुठ्ठ्याची नळी काढली आणि बटण त्यातून खाली सोडलं. टक्कन जमिनीवर पडलं. आमच्या कामातली ही साधी चाचणी. नळीतून जे आरपार जातं, ते मुलाच्या घशात अडकू शकतं. पुण्यात मी हे कधी ऐकलंही नव्हतं. त्या बाईंच्या रांगण्याकडे मी बघतच राहिले. देवघरात असावी तशी शांतता होती.

"सगळं टाकून देऊ का?" मी विचारलं.

"का? भुतं छान आहेत. फक्त ती मोठ्यांसाठी झाली आहेत."

घरी येऊन एक भूत पडद्याच्या रॉडला टांगलं आणि संदीपला, म्हणजे नवऱ्याला, खाली झोपायला सांगितलं.

"अगं, ऑफिसचे कपडे आहेत!"

"आमच्या मुख्य बाई झोपल्या. तुला काय झालं?"

तो झोपला. त्याच्या बाजूला आमची सात वर्षांची ईरा येऊन पडली. बराच वेळ बघून जपानीत म्हणाली, "आई, ह्याच्या पोटात कुणीच नाही. त्याला एकटं वाटत असेल."

तीन संध्याकाळी आम्ही तेच काम केलं. बटणं काढून दोऱ्याने डोळे भरले. तारेऐवजी रिबीन. आणि प्रत्येक भुताच्या पोटात, फक्त खालून दिसेल असं, फेल्टच्या जाड कापडाचं एक झोपलेलं बाळभूत घट्ट शिवलं. ईराने बाराही बाळांना नावं दिली.

शुक्रवारी मिओ आईचा कोट घट्ट धरून आत आली. ओठ थरथरायला लागले होते. मग तिने वर बघितलं. थरथर थांबली. तिने बोट वर केलं.

"आकाचान." बाळ.

"कुठे?" आईने विचारलं. तिला पांढऱ्या रुमालाशिवाय काहीच दिसत नव्हतं. मिओने कोट खाली ओढला. आई ऑफिसच्या सुटात गुडघ्यांवर बसली, मान मागे टाकली आणि तिच्या तोंडून नुसताच श्वास निघाला. बाकीचे आईवडील बघत होते. एकेक करून तेही खाली बसले. कुणी आडवे झाले. बॅगा, टाय, कोट सगळं जमिनीवर, आणि मुलं त्यांना बोटाने दाखवतायत. मी भिंतीला टेकून उभी होते.

त्या सकाळी मिओ दहा मिनिटं रडली. सोमवारी पुन्हा अर्धा तास. चमत्कार वगैरे काही झाला नाही. महिनाअखेरीस मात्र मला पर्मनंट केलं.

आता आम्ही परतलो आहोत आणि मी पुण्यात बालवाडीच्या टीचर्सना ट्रेनिंग देते. पहिल्याच दिवशी सगळ्यांना वर्गात उताणं झोपायला लावते. साड्यांवरून कुरकुर होते. पण पंख्यावर किती धूळ आहे, ते त्या दिवशी सगळ्यांना कळतं.